अंडेमावशींच्या अंगणातली तालीम

दारावर थाप पडली तेव्हा अंडेमावशी नवऱ्याचा चष्मा पुसत होत्या. नवरा स्वतः पुसायचा तो बनियनला, आणि मग दिवसभर "आज धुकं आहे का गं?" असं विचारत बसायचा. गॅसवर चहा वर येत होता. मागच्या शेडमध्ये कोंबड्यांचा कलकलाट चालला होता, कारण त्यांना खाद्य मिळायची वेळ झाली होती आणि घड्याळ बघायची त्यांना गरज नव्हती.

"बघा हो कोण आहे," मावशी म्हणाल्या.

"चष्म्याशिवाय काय बघू? तूच बघ."

शेवटी चहा उतू गेला आणि दारही मावशींनीच उघडलं.

आता मावशींबद्दल थोडं सांगायला हवं. नवरा पूर्वी कोंबडीखाद्याचा ट्रक चालवायचा. पाठीचा मणका सरकला आणि काम सुटलं. शेवटच्या दिवशी मालकाने हिशेबाऐवजी पिल्लांची दोन खोकी हातात ठेवली. खोकी बघून नवऱ्याने तीन दिवस मालकाला शिव्या घातल्या. मावशींनी तेवढ्या वेळात पिल्लांना बल्बची ऊब दिली. त्या खोक्यांतून मागची पत्र्याची शेड झाली, लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला रोजची बहुतेक अंडी उचलायचा, उरलेली गल्लीत खपायची. मावशींनी मात्र आयुष्यात धड अंडं कधी खाल्लं नाही. धड विकायचं, तडकलेलं घरात. नवरा म्हणायचा, "आमच्या घरी कोंबडीही तडकलेलीच शिजते."

दारात जनावरांचे डॉक्टर होते, सरकारी. सोबत खात्याची दोन माणसं. डॉक्टर वयाने लहान, बोलायला गोड.

"मावशी, घाबरू नका. काही झालेलं नाही. काही झालं तर काय करायचं, ते बघायला आलोय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली तर कोणी काय करायचं याचा सरकारने आराखडा केला होता. नमुने कोणी घ्यायचे, पट्टी कुठे बांधायची, कोंबड्या मारायच्या कशा, पुरायच्या कुठे, सगळं ठरलं होतं. फक्त एकदा करून बघायचं राहिलं होतं. रंगीत तालीम. खोटी साथ, खरी माणसं.

"पण आमच्याकडेच का?" मावशींनी विचारलं.

"तुमचं अंगण रस्त्याला लागून आहे. जेसीबी वळतो. गाड्या लावायला जागा आहे. आणि शेड इतकी स्वच्छ की फोटो चांगले येतील."

मोठ्या फार्मवाल्यांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मावशींना अभिमान वाटला. एवढ्या गावातून सरकारला आपलं अंगण पसंत पडलं.

"आम्हाला काय मिळणार?" नवऱ्याने आतून विचारलं.

"प्रशस्तिपत्र. आणि टोपी."

"टोपी तर तुम्ही घालूनच राहिलात," नवरा म्हणाला. डॉक्टर हसले. मावशींनी नवऱ्याकडे डोळे वटारले आणि होकार दिला.

तालमीच्या दिवशी मावशींनी पहाटेच मोठं पातेलं चढवलं आणि अंडी उकडली. तडकलेली नव्हे, धड. येणाऱ्या माणसांना खायला घालायची म्हणून. मीठमिरी वाटीत काढून ठेवली. ठेवणीतले कपडे घातले.

गाड्या आल्या. पांढरे पोशाख चढवून, तोंडं झाकून, दुहेरी हातमोजे घालून माणसं अंगणात उतरली. पिवळी पट्टी बांधली. सुरुवातीला एकाने 'रंगीत तालीम' असा फलक कॅमेऱ्यासमोर धरला, मग तो गाडीत ठेवून दिला. जेसीबीने अंगणाच्या कडेला खड्डा खणला. आराखड्यात खोलीचं माप होतं, म्हणून खड्डा खोटा चालणार नव्हता. कोंबड्यांऐवजी भुशाची पोती भरून आणली होती. ती एकेक करून खड्ड्यात फेकली, वर चुना टाकला. रस्त्यावरून बघणाऱ्यांना पोती दिसली, भुसा दिसला नाही.

"मावशी, तुम्ही पट्टीच्या बाहेर उभ्या राहा आणि थोडं रडा," डॉक्टर म्हणाले. "मालकाची समजूत कशी काढायची, तोही भाग आहे."

मावशींना रडू येईना. उलट हसूच येत होतं. पलीकडच्या शिंपिणीने कुंपणावरून हाक मारली, "मावशी, नवऱ्याकडे बघा, येईल रडू." सगळी गल्ली हसली. नवराही हसला.

मग आजारी कोंबडी दाखवायची वेळ आली. शेडमध्ये एक लंगडी होती. लहानपणी पाय दारात सापडलेला, म्हणून तिला मावशी वेगळं खायला घालायच्या. ती मावशींच्या पायाशीच असायची. डॉक्टर म्हणाले, हीच घ्या, लक्षणं दिसतात. एका आडदांड कर्मचाऱ्याने तिला उचललं आणि घशातला नमुना घ्यायला मान धरली. दुहेरी हातमोज्यांत हाताला जोर कळत नाही. कॅमेरेवाला म्हणाला, जरा वर धरा, अजून वर, तशीच ठेवा.

"सोडा तिला," मावशी म्हणाल्या. "श्वास अडकतोय तिचा."

कोणी ऐकलं नाही. मालकाने विरोध करायचा, असं ठरलेलंच होतं. मावशी पट्टीखालून आत शिरल्या तेव्हा दोघांनी त्यांना धरलं. तेही ठरलेलं होतं. लंगडीचे पाय दोनदा झाडले गेले आणि मग ती कापडासारखी लोंबली. मावशी रडल्या. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

"हेच पाहिजे होतं," कॅमेरेवाला म्हणाला.

डॉक्टर नंतर जवळ आले. "मावशी, एकदम नैसर्गिक."

"डॉक्टरसाहेब, ती मेली हो."

"हो ना. वाईट झालं." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "पण तालमीत कोंबडी मरत नाही, म्हणून ते कुठे लिहिता येणार नाही. नुकसान शून्य असंच जाईल."

लंगडीला पोत्यांवर ठेवून चुना टाकला.

हे सगळं उरकल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि उकडलेल्या अंड्यांचं पातेलं बाहेर आणलं. पाहुणे ते पाहुणे. पांढरे पोशाख उतरवलेली माणसं गाडीच्या सावलीत बसून डबे खात होती.

"नको, मी सकाळीच खाऊन निघालोय," डॉक्टर म्हणाले.

"माझं पोट जरा नरम आहे," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने एक घेतलं, बाकीच्यांची तोंडं बघितली आणि खिशात टाकलं. संध्याकाळी ते मावशींना खड्ड्याच्या कडेला सापडलं. सालासकट. ज्यांना या कोंबड्या निरोगी आहेत हे जगात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, ती ही माणसं.

खड्डा तसाच राहिला. खणणं आराखड्यात होतं, आणि बुजवणं साथ संपल्यानंतरच्या भागात होतं. त्या भागाची तालीम पुढे कधीतरी.

व्हिडिओ मात्र दुसऱ्याच दिवशी गावभर फिरला. कोणीतरी सुरुवातीचा फलक कापून टाकला होता. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी धरलेली, तोंड उघडं टाकून रडणारी बाई, आणि लगेच पुढे खड्ड्यात पडणारी पोती. बघणाऱ्याने काय समजायचं?

बेकरीवाल्याने ट्रे परत पाठवले. मावशी स्वतः गेल्या.

"अहो, तुम्ही तर त्या दिवशी समोर उभे होतात."

"मावशी, मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. पण गिऱ्हाईक केक हातात घेऊन विचारतं, अंडी कुठली? मी काय सांगू, तालमीतली?"

मागचा कारागीर खो खो हसला. बेकरीवाल्याने मावशींना पाव देऊ केला. फुकट. आणि तो त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

लेकीचा फोन आला. "आई, या रविवारी बाळाला घेऊन नाही जमणार. घरात सगळे म्हणतात, थोडे दिवस जाऊ दे."

"अगं, पण तुला तर सगळं सांगितलंय मी."

"मला कळतं गं. मी कुठे काय म्हणतेय?"

शिंपीण एरवी कुंपणावरून अंडी उधार न्यायची. ती एकदा पिशवी घेऊन आली. पिशवीत मेलेला कावळा होता. "आमच्या गच्चीवर पडला होता. म्हटलं तुमच्याकडे सोय आहेच." आणि मावशी काही बोलायच्या आत तिने तो खड्ड्यात टाकला. नंतर लोक विचारायलाही थांबेनात. कबुतरं, मांजर, कोणाच्या तरी घरची सडलेली कोंबडी. खड्ड्याला वास सुटला, आणि वासावरून लोकांची खात्री पटली.

मावशी खात्याच्या कचेरीत गेल्या. डॉक्टरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माझ्या कोंबड्या निरोगी आहेत, एवढं लिहून द्या."

"मावशी, साथ आली आणि गेली, तर गेली असं लिहून देता येतं. तुमच्याकडे ती आलीच नाही. जो रोग झाला नाही तो बरा झाला, असं मी कसं लिहू?"

"मग भरपाई?"

"कोंबड्या जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग कशाची देणार?"

मावशींनी पाणी पिऊन पेला जागेवर ठेवला. त्या निघाल्यावर शिपायाने तो पेला दोन बोटांत धरून उचललेला त्यांना खिडकीच्या काचेत दिसला.

घरात धड अंडी साचली. नवरा-बायको सकाळ-संध्याकाळ अंडीच खाऊ लागले. "आयुष्यभर तडकलेली खाल्ली," नवरा म्हणाला, "आता एवढी धड खातोय की उद्या मीच आरवेन." पहिल्यांदा मावशी हसल्या. मग तो रोजच म्हणू लागला.

खाद्य आणणं परवडेना म्हणून मावशींनी ते निम्म्यावर आणलं. कोंबड्या एकमेकींच्या पाठी टोचू लागल्या, रक्त दिसलं की तिथेच पुन्हा. ज्या दुबळ्या होत्या त्यांच्याभोवती बाकीच्या जमायच्या. अंडी कमी झाली. शिंपीण म्हणाली, "अंडी बंद होणं हे पहिलं लक्षण, त्या दिवशी डॉक्टरच सांगत होते." मटणवाल्याने मिळेल त्या भावात कोंबड्या न्यायलाही नकार दिला. रोज सकाळी मावशी शेडमध्ये जाऊन एखाददुसरी मेलेली बाहेर काढायच्या आणि रस्त्यावरून दिसू नये म्हणून पदराखाली झाकून खड्ड्यापर्यंत न्यायच्या.

अशाच एका सकाळी पुन्हा थाप पडली. नवऱ्याचा चष्मा मावशींच्या हातातच होता. या वेळी चहा उतू गेला नाही, कारण ठेवलाच नव्हता.

तेच डॉक्टर होते. खूश दिसत होते.

"मावशी, तुमच्या तालमीचं वर फार कौतुक झालं. मोठे साहेब स्वतः बघायला येतायत. आम्ही दुसरी जागा सुचवली होती, ते म्हणाले, नाही, तीच बाई हवी."

"या वेळी मीच मरतो," नवरा आतून म्हणाला. "कोंबड्या पुरणार नाहीत."

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. "तुमची काही छोटी मागणी असेल तर सांगा मावशी. मोठी नको, छोटी. मी लगेच मंजूर करून घेतो. खड्डाही या वेळी बुजवायला लावू."

मावशींनी चष्मा नवऱ्याला नेऊन दिला. परत आल्या, दाराच्या चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या. भरपाईचं त्या बोलल्या नाहीत. लंगडीचंही नाही.

"तालीम झाली की तुम्ही सगळ्यांनी ते पांढरे कपडे काढायचे," त्या म्हणाल्या, "इथे अंगणात बसायचं, आणि कॅमेरा चालू ठेवून माझ्या कोंबडीचं एकेक उकडलेलं अंडं खायचं. पहिलं तुम्ही."