मोंढ्यातल्या पाच बाटल्या

पोत्यात परखी खुपसून आतला दाणा तळहातावर घेतल्याशिवाय आमच्या लातूरच्या मोंढ्यात कुणी सौदा करत नाही. सोयाबीन दाताखाली फोडून त्यात ओल किती, हे मी आजही सांगतो. स्वतःच्या अंगाचा नमुना मात्र पन्नाशी उलटली तरी कुणाला दाखवला नव्हता. दवाखाने बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी असतात. पुरुषाला काही होत नाही, असा आमच्याकडे पक्का समज. ज्यांना झालं, ते हा समज खोडून काढायला मागे उरले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मोंढ्यात तपासणीचं शिबिर लागलं. आदल्या दिवशी आम्हां पाच आडत्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या दिल्या. सकाळची पहिली लघवी भरून आणायची. शेजारच्या दुकानदारानं आपली बाटली दोन बोटांत धरली, जणू आत विंचू होता.

"आरं, घरात लेकी-सुना हायत. ही घिऊन कुठं फिरू? लाज वाटती."

"आन काय निघालं म्हंजी?" दुसरा म्हणाला. "उगं दुखणं इकत घ्यायचं."

मी तरुणपणी तालमीत जायचो. त्या चार वर्षांच्या जोरावर पुढची तीस वर्षं छाती काढून फिरत होतो. म्हणालो, "आना हिकडं. समद्यांच्या मीच भरतो. माझ्यावानी ठणठणीत मानूस हाय का मोंढ्यात?"

चौघांनी सुटकेचा निःश्वास टाकत बाटल्या माझ्या पिशवीत घातल्या.

सकाळी न्हाणीत बसून मी पाचही भरल्या. कमी पडली नाही, याचा अभिमानही वाटला. मोरीपाशी नेहमीसारखी मुंग्यांची रांग होती. महिनाभर बायको कुरकुरत होती आणि मी बाजारातून पावडर आणून टाकत होतो. एका पोत्याचा नमुना पाच पोत्यांना लावणाऱ्याला आम्ही मोंढ्यातून हाकलून दिलं असतं, पण तो नियम मालासाठी होता.

चार दिवसांनी शिबिरातल्या डॉक्टरबाई पाच कागद घेऊन दुकानी आल्या. पाचही जणांच्या लघवीत साखर होती, शिवाय प्रथिनं. किडनीवर ताण येत असावा, उद्याच रक्त तपासा, असं म्हणून त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही पाचही जण एकाच घरातले का हो?"

चौघं माझ्याकडे बघू लागले. मी वजनकाट्याकडे बघत म्हणालो, "मशीन बिघडलं असंल बाई."

तेवढ्यात तो लाजाळू शेजारी तोंड उघडून बसला. "न्हाई बाई. पाचीबी बाटल्या ह्याच्याच हायत."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे तुम्हा चौघांची तपासणी अजून व्हायचीय," एवढंच म्हणाल्या आणि पाचही कागद माझ्या हातात दिले. शेजाऱ्याशी मी आठवडाभर बोललो नाही. मित्र म्हणजे असे असावेत!

रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. किडनी अजून सावरता येईल, पण सहा महिने उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. घरी येऊन मी कागद बायकोपुढे ठेवला. तिनं तो वाचलाच नाही.

"मामंजींच्या बारीलाबी मोरीत मुंग्याच आल्त्या," ती म्हणाली. "तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या लघवीला मुंग्या लागायच्या. 'उष्णता हाय' म्हणून घरचे त्यांना धने-जिऱ्याचं पाणी पाजत राहिले. पायाची जखम चिघळली, पाय कापला, आणि पुढच्या पोळ्याला ते नव्हते. आपल्या मोरीत पहिली मुंगी दिसली त्याच सकाळी मी ओळखलं होतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी पावडर आणली. पावडर मुंग्यांसाठी नव्हती, बायकोला संशय येऊ नये म्हणून होती. त्या पाच बाटल्याही दोस्तीखातर भरल्या नव्हत्या. काही निघालंच तर एकट्या माझ्या नावावर निघू नये, असं वाटलं होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती उठून न्हाणीतला पावडरीचा डबा घेऊन आली आणि तिनं तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता मुंगी दिसली की आदी मला सांगायचं," ती म्हणाली.

किल्ली अजून तिच्याकडेच आहे.