खाऱ्या मातीतला आंबट टोमॅटो

टोमॅटोसाठी आमच्या आईने उपोषण धरलंय, असं मी गोराईच्या आमच्या कोळीवाड्यात सांगत फिरायचे. लोक हसायचे. खरं तर तिला घशाचा कॅन्सर होता. कशाचीच चव लागत नव्हती. "आंबटढाण सार हवं. बाजारातल्या त्या रबरी टोमॅटोंचं नको," एवढंच म्हणायची.

बोट विकून रिकामे बसलेले बाबा उठले. खाडीलगतच्या आमच्या तुकड्यावर त्यांनी प्लास्टिकचं हरितगृह उभं केलं आणि बोरिवलीला नांदणाऱ्या लेकीला, म्हणजे मला, बिनपगारी मजूर नेमलं.

"बाबा, माती खारट आहे."

"मग? आपले माड काय बिसलरीवर वाढले?"

माडाच्या आळ्यात आम्ही सुक्या मासळीचा चुरा घालतो. बाबांनी तोच टोमॅटोला घातला, तोही लग्नात वाढतात तसा, आग्रहाने. वास असा सुटला की गावभरची मांजरं दर्शनाला रांगेत! पण थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. चुऱ्यातही मीठच की! माडाच्या आळ्यातलं मीठ पाऊस धुऊन नेतो. इथे डोक्यावर प्लास्टिक. दारापाशी ते फाटलं होतं, तिथलं एकच रोप हिरवं राहिलं.

आम्ही चुरा उपसला. गोड्या पाण्याचे ड्रम आणून वाफे धुतले, मातीतलं मीठ सुटावं म्हणून जिप्सम मिसळलं, पुन्हा धुतले. मग कुजलेलं शेणखत, अगदी चिमूट चिमूट, बाळाला भात भरवतात तसं. बाबा रोज विचारायचे, "आता अजून थोडं घालू?" त्यांना घाई होती.

दाराजवळचं रोप फळलं तेव्हा आईच्या नाकात नळी होती. तिला गिळताच येत नव्हतं.

फळं लिंबाएवढी. त्यातलं एक मी आधीच चाखलं होतं: साखर! खाऱ्या जमिनीत टोमॅटो लहान राहतो आणि गोड होतो. बाबांनी एक तिच्या तळहातावर ठेवला. तिने हुंगला आणि परत दिला.

"तू खा," ती कशीबशी म्हणाली. "मी बघते."

जन्मात कच्चा टोमॅटो न खाल्लेल्या माणसाने कचकन चावा घेतला. एक डोळा मिटला, खांदे कानांपर्यंत नेले, जीभ टाळूवर वाजवली.

"आंबट?" आईने विचारलं.

"आई गं! दात आंबले ना!"

आई हसली. चिंच बघितल्यावर सुटतं तसं तिच्या तोंडाला पाणी सुटलं असावं, कारण तिचा गळा हलला. कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी गिळलं होतं.

बाबांनी घाईघाईने दुसरा चावा घेतला.