रस्त्याकडे तोंड करून

बिरादार सर आपली मोटारसायकल कधी सरळ आत आणून लावत नसत. फाटकापाशी उतरायचे, ती हाताने वळवायचे आणि मागे रेटत अंगणात आणायचे. पाऊस असो, अंगात ताप असो, गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे. छपराखालीही ती कधी उभी राहिली नाही. लातूरला त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी राहायला गेलो त्या संध्याकाळी माझी सायकल भिंतीला टेकवली, तर सर म्हणाले, "गंगाधर, वळवून ठेव बाबा. निघायची येळ सांगून येत न्हाई." मला वाटलं, हे पहिल्याच दिवशी मला निघायला सांगून राहिले. रात्री पिशवी उघडलीच नाही.

मी इस्लापूरकडचा. नववीतून शाळा सुटली आणि फिरत फिरत लातूरच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला लागलो. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. नांदेड-परभणीची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन डॉक्टर व्हायला निघालेली असायची, आणि त्यांच्या गर्दीतून मी तेलकट हात खिशात घालून जायचो. सर त्यातल्याच एका क्लासात फिजिक्स शिकवत. गावातल्या सगळ्यांनी मला शाळा का सोडली म्हणून विचारलं. सरांनी कधीच विचारलं नाही. याचं मोल मला फार नंतर कळलं.

त्यांचा एक प्रश्न मात्र चुकत नसे. ओसरीवर पोरं गणितं घेऊन यायची, वही उघडायच्या आधीच सूत्रं बोलायला लागायची. सर हात वर करायचे. "थांब लेका. आधी कुठं जायचंय ते सांग. काय काढायचं ते ठाऊक न्हाई, आन् निघाला सूत्र घेऊन!" आतून काकूंचा आवाज यायचा, "मी भाजीला निघाले तरी हेच इचारतात. भाजीचं बी सूत्र असतंय का काय की!" सर पोरांकडे बघून म्हणायचे, "असतंय. पर ते तिला एकटीला ठाऊक हाय."

गाडीच्या तोंडाचं कारण मला काकूंनीच सांगितलं, एका दुपारी तूर निवडताना. भूकंपाच्या पहाटे ही दोघं नवीनच लग्न झालेली, लातूरला भाड्याच्या घरात होती. काकूंचं माहेर किल्लारीच्या बाजूला. उजाडता उजाडता तिकडची खबर आली. सरांची गाडी बोळात, भिंतीकडे तोंड करून अडकलेली. ती वळवता वळवता घाम फुटला. डांबरी रस्ता संपला आणि पुढे काळ्या रानातली पांदण. पावसानं चिखल झालेला, तो चाकात असा बसला की चाक फिरेना. सरांनी गाडी तिथेच टाकली आणि चालत निघाले. पोचले तेव्हा लोकांनी काकूंच्या वडिलांना, अप्पांना, दगडामातीतून काढून कडुलिंबाखाली निजवलं होतं. कोणीतरी म्हणालं, "घंटाभर आधी बोलत होते की."

"तो घंटा ह्यांच्या डोक्यातून गेलाच न्हाई," काकू म्हणाल्या आणि सूप झटकलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरांनी क्लास आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवला आणि एक दिवस आमच्या शोरूममध्ये आले. मोठी गाडी घ्यायची म्हणाले. शोरूममध्ये तेव्हा दोनच मोठ्या होत्या. एक अ‍ॅडव्हेंचर, उंच, तारांच्या चाकांची, दगडगोटे-चिखल कशातूनही जाणारी. दुसरी स्पोर्ट टूरर, पुढे वाऱ्याला काच, मागच्या माणसालाही ऐसपैस सीट, डांबरी रस्त्यावर दिवसभर चालवली तरी पाठ न दुखणारी. मी घाबरत म्हणालो, "सर, लेक नांदेडला असती तुमची. उदगीर, देगलूर, सगळीकडं रस्ते चांगले झाले. ही दुसरी..." सर त्या उंच गाडीवरून हात फिरवत होते. मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारायला हवा होता. माझी हिंमत झाली नाही.

ट्रायलच्या दिवशी काकूही आल्या. "मी मागं बसल्याबिगर कसली ट्रायल?" गाडीची उंची बघून त्यांनी पदर खोचला. "आवं, हा तर उंट हाय. शिडी आणली का?" शेवटी शोरूममधलं प्लास्टिकचं स्टूल लावलं. उतरताना पुन्हा लागणार, म्हणून ते माझ्या गाडीला बांधायला लावलं. ट्रायलच्या गाडीबरोबर शोरूमचा माणूस जायचा नियम होता. मालकांनी मला बजावलं, "एक ओरखडा आला तर उद्यापासनं येऊ नको."

मला वाटलं, गावाबाहेर एक चक्कर मारून येतील. सर थांबेचनात. औसाही मागे पडलं. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. डांबरी रस्ता सोडून सर पांदणीत शिरले. उंट डुलत, चिखल उडवत निघून गेला. माझ्या साध्या गाडीचं चाक थोड्याच अंतरावर गच्च बसलं. मी गाडी तिथेच ठेवली, स्टूल सोडून हातात घेतलं आणि चालू लागलो. चालता चालता लक्षात आलं, त्या पहाटे सर असेच चालले असतील. मला निदान नुसत्या ओरखड्याची काळजी होती.

काकूंच्या माहेरच्या जुन्या गावात आता मातीचे उंचवटे, बाभळी आणि तो लिंब. गाव कधीच नव्या जागेवर गेलेलं. सर गाडीवरच बसून होते, इंजिन चालू, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. काकू मागे, त्यांचा खांदा धरून.

"पोचलो," सर म्हणाले.

"पोचलो की," काकू म्हणाल्या. "बंद करा आता ती."

इंजिन बंद झालं. कुठेतरी होला घुमत होता.

"आवं, तुमी तवा उडत आला असता तरी अप्पा ऱ्हायले नसते. छातीवर तुळई पडली होती त्यांच्या. मी किती डाव सांगितलं. तुमी लोकांचं ऐकलं, माझं न्हाई."

सर चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"आता मी इचारते. कुठं जायचंय ते सांगा आधी."

सरांनी लिंबाकडे बघितलं. मग म्हणाले, "नांदेडला. नात बोलवून राहिली."

"मग त्याला उंट कशाला?" काकू म्हणाल्या, आणि मला हाक मारली, "आण रे गंगाधर, ते स्टूल. मला लिंबापशी जायचंय जरा."

गाडीवर ओरखडा नव्हता. परत आल्यावर सरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "ती दुसरी काढ."

नवी गाडी आली त्या संध्याकाळी मी अंगणातच होतो. सर ती फाटकातून सरळ आत घेऊन आले आणि थेट घराकडे तोंड करून लावली. काकू नारळ घेऊन पायरीवर उभ्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग सरांकडे.

"वळवायची न्हाई का?"

"सकाळी वळवू," सर म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.

वर्षभरानं मला कोईमतूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. भाषा येत नाही, माणूस ओळखीचा नाही. जाऊ नये असंच मनात होतं. सरांनी आपला तोच प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. म्हणाले, "भ्यायला काय झालं? मी बी भितो. भीत भीत जा, पर जा." स्टेशनवर सोडायला दोघंही आली, त्या गाडीवरून.

सर गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. मी फोनवर काकूंना तेच म्हणालो, की मी पोचलो नाही.

"ते काढू नको," काकू म्हणाल्या. "एकानं जलमभर काढलं, तेवढं बास." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी हाय तशीच हाय, घराकडं तोंड करून. जावई इका म्हणतात, मी न्हाई म्हणले. तू सावकाश ये. आलास की वळवू."