अकरा सेकंद

आमच्या केळी संघाच्या जळगावच्या कचेरीत तो कॉम्प्युटरच्या कामासाठी दर मंगळवारी भुसावळहून यायचा. तयार चौकटी जोडून प्रोग्राम बनवायची सोय तेव्हा नवी होती. रेल्वेच्या वॅगनमध्ये केळी चढवायचे पास काढायचा आमचा प्रोग्राम त्यानंच तसा बनवला होता. पण एका पासाला पन्नास सेकंद लागत, आणि वॅगन सुटली की माल उन्हात पडे.

“भाऊ, तुना डबा जागा व्हई, तवपावत केळं पिकी जाई,” रांगेतला एखादा कॉम्प्युटरकडं बोट दाखवत, पास देणाऱ्या मला ऐकवायचा.

एका मंगळवारी तो घड्याळ बघत स्वतःच रांगेत उभा राहिला. नंतर खुर्चीत बसून, हौसेनं घातलेलं एकेक काढू लागला. फुलांची नक्षी गेली, दरवेळी उघडणारी साऱ्या गावांची यादी गेली, शेवटी प्रत्येक पासाआधी येणारं, अध्यक्षांच्या नावाचं ‘सुस्वागतम्’ही गेलं. पास बारा सेकंदांत निघू लागला.

“माझं नाव कुठं गेलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाना, ते यायला अकरा सेकंद लागायचे.” त्याचं बोलणं नेहमी असं आकड्यावर संपायचं.

नानांनी नाव परत घालायला लावलं. त्यानं निमूट घातलं, पण कॉम्प्युटर बंद करताना येईल असं. नानांना ते कळलं आणि पुढच्या महिन्यापासून त्याला बोलावणं गेलं नाही.

पुढे कित्येक वर्षं, संध्याकाळी रांग संपल्यावर, रिकाम्या कचेरीत पडद्यावर ‘सुस्वागतम्’ यायचं. मी अकरा सेकंद थांबायचो, मग कुलूप लावायचो.