हंसाच्या नावाचे डबे

हाटकेशच्या भांड्यांच्या दुकानात हरिश्चंद्र छिन्नीने भांड्यांवर नावं घालायचे. मग तेच काम करणारं यंत्र आलं. शेठ तसा भला; म्हणाला, "काका, घरी बसा, अर्धा पगार चालूच राहील."

बायको हंसा हसली. "यंत्र राबणार नि तुम्ही खाणार? शेठचे जावईच झालात की हो!"

दोन वर्षांनी हंसा गेली. तेराव्याला वाटायचे डबे घेऊन मुलगा स्वप्नील नाव घालायला यंत्राकडे निघाला.

"तुझ्या आईचं नाव मी घालणार," म्हणत हरिश्चंद्रांनी छिन्नी काढली. पण बसून खाल्लेल्या हाताची सवय गेली होती. पहिलंच अक्षर घसरलं, पत्र्यावर लांब ओरखडा उठला.

"राहू दे, बाबा."

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "ने यंत्राकडेच. जावयाला कुणी काम सांगतं का रे?"