मामाला जड

खानदेशात असा एकही माणूस नसेल, ज्याच्या तब्येतीआधी आमच्या साडूंनी त्याच्या दातांची विचारपूस केलेली नाही. माणसं एकमेकांना नाकाडोळ्यांवरून ओळखतात, आवाजावरून ओळखतात, गेलाबाजार मोटरसायकलच्या नंबरावरून तरी ओळखतात. आमच्या साडूंचं तसं नाही. देवपुरात त्यांच्याच बिल्डिंगमधला शेजारी समोर येऊन उभा राहिला तरी ते परक्यासारखे बघत राहतात. शेवटी शेजारी वैतागून "अहो डॉक्टर!" म्हणतो, त्याचं तोंड उघडतं आणि यांचा चेहरा उजळतो. "अरे, तुम्ही होय! उजवी दाढ आडवी!" असं म्हणून ते त्याला मिठीच मारतात. शेजाऱ्याचं नाव त्यांना आजही माहीत नाही.

हे आमच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्याच्या एका दंत महाविद्यालयात शिकवतात. पण शिकवणं हे पोटासाठी. जीव अडकलाय तो विचित्र दातांमध्ये. जादा उगवलेले दात, न उगवलेले दात, जुळे दात, टाळूतून डोकावणारे दात, आणि तोंडातले असे असे आजार की ज्यांची नावं ऐकूनच आपलं तोंड कोरडं पडावं. त्यावर ते लेख लिहितात. ते परदेशातल्या मासिकांत छापून येतात म्हणे. घरात ते कोणी वाचलेले नाहीत, पण आले की पेढे मात्र आम्ही सगळे खातो आणि मग त्यांच्याकडूनच ऐकून घेतो की गोडाने दात किडतात.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती मी हिला बघायला धुळ्याला गेलो तेव्हा. माझं जळगावात पाइपांचं दुकान. त्याची चौकशी चालली होती, मी मान खाली घालून उत्तरं देत होतो, आणि कोपऱ्यात घरचे थोरले जावई पेंगत बसले होते. कोणीतरी काहीतरी विनोद केला आणि मी हसलो. मेलो! जावई ताडकन उठले, खिशातून टॉर्च काढली आणि "हलू नका" म्हणत माझ्या तोंडावर ओणवे झाले. समोर पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली मुलगी मला बघतेय आणि मी आ वासून बसलोय, असा आमचा बघण्याचा कार्यक्रम. "दुधाचा दात आहे!" ते ओरडले. "या वयात! खालचा पक्का दात यांना आलेलाच नाही!" माझे होणारे सासरे घाबरले. "म्हणजे खोट आहे का काही?" "खोट? अहो बाबा, दुर्मीळ आहे. मुलगा सोडू नका!" आमचं लग्न जमलं ते असं. बायको अजून म्हणते की मी दुकानाला भुलले नाही, दुधाच्या दाताला फसले.

त्यांच्या दिवाणखान्यात शोकेस आहे. लोक तिथे ढाली, पेले ठेवतात; यांच्याकडे छोट्या छोट्या बाटल्या, आणि प्रत्येकीत एक दात. प्रत्येकावर चिठ्ठी, प्रत्येकाची हकिकत तोंडपाठ. "हा पारोळ्याच्या शिंप्याचा, दोन पुढच्या दातांच्या मधोमध सुळक्यासारखा उगवला होता." पाहुणा चहा पिता पिता गारठतो. या बाटल्यांचे नियम कडक. दात धुतलेला हवा, औषधात बुडवलेला हवा, ज्याचा दात त्याची परवानगी हवी. एकदा माझ्या मुलाने पडलेला दात कागदात गुंडाळून कौतुकाने काकांना दिला, तर त्यांनी त्याला तासभर समजावलं की खिशात घालून दात हिंडवणं हा विज्ञानाचा अपमान आहे. पोरगं रडलं बिचारं.

आणि एस.टी.तून त्यांच्यासोबत प्रवास करणं म्हणजे तर नसती आफत. आम्ही धुळ्याहून जळगावला येत होतो. समोरच्या सीटवरच्या गृहस्थाने जांभई दिली. बस, साडूंनी माझा दंड धरला. "बघितलंत? अर्ध्याच्या वर दात जन्मतःच नाहीत." तो माणूस सावद्याचा केळीवाला निघाला. मग जळगाव गेलं चुलीत, आम्ही सावद्याला! तिथे केळीच्या बागेच्या कडेला त्याची सगळी भावकी ओळीने बसवली, आणि हे प्रत्येकाच्या तोंडात टॉर्च मारत विचारतायत, "भाऊ, तुमच्या आजोबांना किती दात होते?" तो केळीवाला डोकं खाजवून म्हणाला, "आबांना? आम्ही पाहिलं तेव्हापासून तर कवळीच होती, डॉक्टर." पण हे थांबले नाहीत. आबांच्या चुलतभावाला गाठलं, त्याच्या बहिणीला गाठलं. दुखणं एका तोंडात दिसतं, पण त्याचं मूळ घराण्यात असतं, असं त्यांचं म्हणणं. "घरात आधी कोणाला असं होतं का?" हा प्रश्न त्यांनी खानदेशात कोणाला म्हणून विचारायचा ठेवला नाही.

फोटोंच्या बाबतीतही हेच. लग्नाचा अल्बम हातात पडला की नवरा-नवरी राहिले बाजूला, हे हसणारी माणसं शोधणार. तोंड मिटलेला फोटो म्हणजे त्यांच्या भाषेत बंद दुकान. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी साखरपुड्याचे फोटो टाकले की सगळे 'अभिनंदन' लिहितात, आणि यांचा मेसेज येतो, "मागच्या रांगेतली तिसरी बाई कोण? संपर्क हवा."

एवढी तोंडं धुंडाळली, पण एक गोष्ट काही त्यांच्या हाती लागत नव्हती. दातासकट जन्मलेलं मूल. असं मूल क्वचितच जन्मतं, आणि जन्मलं तरी घरचे लपवतात. कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, दात घेऊन आलेलं पोर मामाला जड. मामाने त्याचं तोंड बघायचं नाही, बघितलं तर मामाचं काही खरं नाही. मग कोणीतरी शेजारची म्हातारी येते, दोरा बांधते, दात उपटते, आणि गोष्ट तिथेच मिटते. साडूंना बातमी लागेपर्यंत मूल शाळेत जायला लागलेलं असतं. "साडूभाऊ," ते मला हळहळून म्हणायचे, "एकदा, फक्त एकदा मला तो दात जागेवर बघायचाय."

देव ऐकतो, पण आपली चेष्टा करून ऐकतो. साडूंची धाकटी बहीण, तिला सगळे छोटी म्हणतात, लग्नानंतर फार वर्षांनी बाळंत झाली. माहेरी, अमळनेरला. मुलगी झाली. आणि मुलीच्या खालच्या हिरडीवर टपोरा एक दात!

साडूंच्या आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी सगळ्यांना शपथ घातली, भावाला कळता कामा नये. साडूंना फोनवर आपल्या अहिराणीत सांगितलं, "सव्वा महिना येऊ नको. पोर बरी शे, बठ्ठं बरं शे." म्हणजे सगळं छान आहे. साडूंची बायको फितूर, माझी बायको फितूर, आणि 'कोणाला बोलायचं नाही' या अटीवर मीही फितूर. अख्ख्या खानदेशात त्या दाताची बातमी फक्त एका माणसाला नव्हती. मला तर हसावं की रडावं कळेना.

पण हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही. दात हलत होता. त्याने मुलीच्या जिभेखाली जखम झाली, ती दूध सोडायला लागली. पाजायला घेतलं की दोन घोट आणि मग किंचाळणं. छोटी रडून रडून अर्धी झाली. अखेर अक्कांनी ठरवलं, गल्लीतल्या एका म्हातारीला बोलावून दोऱ्याने दात काढून टाकायचा.

त्याच दिवशी दुपारी दुकानात साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, भाचीचा एकही फोटो रडतानाचा का नाही?"

"कौतुकाने झोपलेलेच टाकतात हो," मी म्हणालो.

"जांभईचा नाही. एकात तोंडावर मूठ, एकात तोंडावर दुपटं. तान्हं मूल तोंडच उघडत नाही होय?" मग जरा थांबून, "दात आहे का?"

मी समोरच्या पाइपाचं माप घ्यायला लागलो.

"तुमच्या दुधाच्या दाताची शपथ आहे, खरं सांगा."

सांगितलं बाबा सगळं. हलणारा दात, जखम, दोरा, उद्या सकाळी येणारी म्हातारी. मला वाटलं हा माणूस आता आनंदाने नाचणार. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते घरातच सापडलं! पण पलीकडून आवाज आला तो एकदम बारीक. "जन्मल्यावर रक्त गोठायचं इंजेक्शन दिलंय का तिला? ते दिलेलं नसलं आणि दात ओढला, तर रक्त थांबायचं नाही, साडूभाऊ. आणि सैल दात घशात गेला तर..." मग लगेच, "सकाळी अमळनेरला या. पाहुण्यासमोर अक्का दार लावणार नाही."

अक्कांनी दार लावलं नाही, पण दारात आडव्या उभ्या राहिल्या. मी मागे साडूंची पिशवी घेऊन उभा, साडू ओट्यावर, आत मुलगी रडतेय. "तठेच थांब. मझार येऊ नको," अक्का म्हणाल्या. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

"अक्का, दोरा बांधू नको. पोर जाई हातातून."

"आन् तुले काही झायं त?" अक्कांचा आवाज फुटला. ही बाई कधी रडलेली मी पाहिली नव्हती. आतून छोटी ओरडली, "अक्का, येऊ दे ना त्याला!" अक्का हलल्या नाहीत. एकीकडे नात, एकीकडे लेक, आणि मधे ती माउली उंबरठा धरून.

साडू खाली ओट्यावर बसले. विचार केला. मग म्हणाले, "छोटी मूळ नक्षत्रावर झाली, बापाने तोंड बघायचं नव्हतं, तेव्हा आपल्या वडिलांनी तिचं तोंड कसं पाहिलं होतं?"

"तेलमा. वाटीमा तेल टाकीसन," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे पडछाया चालते."

"चालस."

साडूंनी पिशवीतून लांब दांड्याचा, बोटाच्या पेराएवढा आरसा काढला. "मग मी पण आरशातच बघतो. आम्ही दातवाले दुसरं काय करतो जन्मभर? पोरीकडे नजर टाकणार नाही."

अक्कांनी तो आरसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पदराने पुसला आणि दारातून बाजूला झाल्या. छोटीच्या मांडीवर मुलगी. साडूंनी हात धुतले, डोळे खाली घातले आणि आरसा तोंडात नेला. अक्का त्यांच्या डोळ्यांवर पहारा देत बसल्या. "डोया वर करू नको!" "नाही करत." "करा तू!" "नाही केला गं!" आणि आरशात तो इवलासा दात दिसला. एवढी तोंडं पाहिलेला माणूस, पण त्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. मग डॉक्टर जागा झाला. इंजेक्शनचं विचारलं, ते दवाखान्यात दिलेलं होतं. दात अगदीच सैल, आजच धुळ्याला मुलांच्या डॉक्टरसमोर काढायचा, असं ठरलं. आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घरात आधी कोणाला असं होतं का?"

 अक्का जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुले."

साडूंनी आरसा खाली ठेवला.

"तू दात लिसनच जलमना व्हता. मी तुन्हा मामाले सांगं, येऊ नको. तरी तो उना. त्यानीच दोरा बांधीसन काढा. मी नही म्हणत व्हती, तो हासे. म्हणे, माले काय व्हई?" अक्का थांबल्या. "काड्यापेटीमा ठेवा व्हता त्यानी तो दात. खिसामा लिसन फिरे. बठ्ठा गावले दखाडे, मन्हा भाचाना दात म्हणे. त्याच साल पावसाळामा शेतमा साप चावना त्याले. मी कोणलेच सांगं नही, तुले कसं सांगू?"

ज्या माणसाने सावद्याच्या आबांच्या चुलतभावापर्यंत चौकशी केली, त्याने आपल्या आईला कधी विचारलं नव्हतं.  ते उठले आणि अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "साप होता तो, अक्का. माझा दात नव्हता." अक्का म्हणाल्या, "माले समजस रे. पण भाऊ व्हता ना मन्हा."  मीच बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

दात धुळ्याला नीट निघाला. संध्याकाळी मुलगी पोटभर दूध प्यायली आणि छोटी हसली. त्या पावसाळ्यात आमचे साडू रोज गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून महाविद्यालयात जायचे. मुलं हसायची. साडू राहतात तिसऱ्या मजल्यावर, जातात डांबरी रस्त्याने. तिथे साप कुठला येतोय! पण रोज संध्याकाळी अमळनेरहून फोन यायचा, "बूट घाला का?" आणि हा विज्ञानाचा माणूस आज्ञाधारकपणे म्हणायचा, "घातला, अक्का."

परवा भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही सगळे अमळनेरला जमलो. साडूंनी रिवाजाप्रमाणे चांदीची वाटी आणली होती. भाचीला मांडीवर घेतलं, आता सरळ तोंडाकडे बघत, आणि तिने मामाच्या शर्टाच्या खिशात हात घालून एक काड्यापेटी बाहेर काढली. हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. माझ्या मुलाने डोळे वटारून काकांकडे पाहिलं. ना बाटली, ना औषध, ना चिठ्ठी! धुळ्यापासून जळगावपर्यंत एस.टी.त भेटेल त्याला हा माणूस ती पेटी उघडून दाखवतो आणि म्हणतो, "माझ्या भाचीचा दात." पुढे एक शब्द शास्त्राचा नाही.

अक्का चुलीपाशी पुऱ्या तळत होत्या. त्यांनी तो आवाज ऐकला आणि झारा हातात तसाच धरून लेकाकडे बघत राहिल्या. पुरी करपली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "अस्साच वाजे."