फवाऱ्याचा पहारा

फवाऱ्याला फवारा म्हणायची कारणं दोन. एक तर केसांना कात्री लावण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बाटलीतून पाणी असं उडवतो, की घरून आंघोळ करून आलेल्या माणसाला पस्तावा व्हावा. दुसरं कारण म्हणजे त्याचं तोंड. दुकानात गिऱ्हाइकाची तोंड फाटेस्तोवर स्तुती आणि घरी ताटावर बसलं की त्याच गिऱ्हाइकाची नक्कल. नक्कल मात्र फर्मास हं! बायकोचा घास हातातच राहायचा आणि पोरीला हसून हसून ठसका लागायचा. चार भिंतींतलं हसू ते. बाहेर कोण ऐकतंय?

दुकान म्हणजे एक लांबट खोली. तीन खुर्च्या, त्यातली तिसरी कायमची एका बाजूला कललेली. समोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं, आणि कोपऱ्यात एक फळी. लहान पोरं आली की खुर्चीच्या दोन हातांवर ही फळी आडवी टाकायची आणि पोराला वर बसवायचं. या फळीवर सगळ्यात जास्त वेळ कोण बसलं असेल, तर फवाऱ्याची लेक. तिच्या केसांना जन्मापासून दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. एकाआड एक रविवारी, सकाळी नऊला, शटर अर्धं वर असताना ती यायची. बाप कापायचा आणि लेक बोलायची. शाळा, बाई, कोण रडलं, कुणी कुणाचा डबा खाल्ला, सगळं. जगात फवारा गप्प बसून ऐकायचा तो एवढाच एक तास.

पुढे फळी सुटली. लेक चौदाची झाली. रविवारी यायची, बसायची, पण तोंडाला कुलूप.

"काय गं, शाळेत काय विशेष?"

"काही नाही."

"मैत्रीण काय म्हणते?"

"बाबा, मान कापशील. खाली बघ."

आणि घरी गेल्यावर त्याच मैत्रिणीशी फोनवर टकटक टकटक, दोन्ही अंगठ्यांनी. फवाऱ्याचा जीव टांगणीला लागला. दर पंधरा दिवसांनी कापलेले केस झाडून काढायचे, पण त्यांच्यासोबत एक शब्द नाही. आपली लेक आपल्या हातून निसटतेय, ही एकच धास्ती त्याला होती. बाकी जगाला तो फवारत होता.

त्या धास्तीवर औषध दिलं मोबाइल दुरुस्तीवाल्यानं. गालाला फेस लावलेला असताना तो म्हणाला, "हल्ली पोरांना कोण कुठून गाठेल, भरवसा नाही. फोनमध्ये पहारा बसवून घे. ती कुठे आहे ते कळेल. कुणी काही वाईटसाईट लिहिलं, तिनं लिहिलं, तर तुझ्या फोनवर लगेच इशारा. धोक्याच्या शब्दांची यादीच असते त्यात."

"तिला कळेल का?"

"सांगून बसवायचं असतं खरं तर. पोरांना विश्वासात घ्या, असं पहिल्याच पानावर लिहिलंय."

"आणि त्या पानाखाली?"

"पुढे जा, असं बटण आहे."

"मग जा की पुढे!"

झालं. लेक आंघोळीला गेलेली असताना तिचा फोन दुकानात येऊन परत गेला. आता अडचण उरली फवाऱ्याच्या हातांची. ते कधी ओले, कधी फेसाळ, कधी कलपानं काळे. ओल्या बोटाला फोनची काच ओळख देत नाही. शिवाय चष्मा घातला की गिऱ्हाईक दोन दिसतं. म्हणून दुरुस्तीवाल्यानं इशारे मोठ्यानं वाचून दाखवायची सोय करून दिली आणि फवाऱ्याचा फोन आरशाच्या वर, रबरी चिमट्यात अडकवला. आतून एक बाई बोलायची. इस्त्री केलेल्या आवाजात.

"आपलं मूल शाळेत पोचलं आहे. सुरक्षित आहे."

"वा!" बाकड्यावरून दाद आली.

बायको त्याच दिवशी म्हणाली, "दुकानात तरी तो आवाज बंद ठेव."

"माझे हात रिकामे कुठे असतात?"

"मग सरळ तिलाच विचार ना."

"विचारलं तर तिला कळेल. कळलं तर ती लिहायची बंद होईल."

या उत्तरात पोरीच्या सुरक्षिततेचा कुठे पत्ता होता का, तुम्हीच सांगा.

आठवडाभर बाई शाळा आणि घर एवढंच बोलली. मग एका मंगळवारी, दुकान भरलेलं असताना, ती म्हणाली, "सावधान. धोक्याचा शब्द, ब्लेड. संदेश. मी बाबाचं एक ब्लेड लपवून आणलंय."

फवाऱ्याचा वस्तरा हवेतच थांबला. तोंडचं पाणी पळालं. बाई श्वास न घेता पुढे वाचू लागली, "ओठावरची मिशी काढणार आहे. वर्गात मला हवालदार म्हणतात. आईला सांगू नकोस, बाबाला तर मुळीच नको."

आधी एक सुस्कारा सुटला. आणि त्याच सुस्काऱ्याच्या शेपटाला धरून हसू आलं. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? बापच. इतका घाबरला होता, की ती भीती बाहेर पडायला त्याला दुसरी वाट सापडली नाही. "दाढीवाल्याची पोर, आणि मिशीला भ्यायली! अगं, घरचंच गिऱ्हाईक की!"

वकील हसले. गणिताचे सर हसले, ते तर तिला शिकवतात. मेडिकलवाला मांडीवर थापा मारून हसला. एकटे अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे राहतात, रोज सकाळी दाढीला येतात. "हसू नका रे," अण्णा म्हणाले. "पोर आहे. तिनं विश्वासानं लिहिलंय कुणाला तरी."

"अण्णा, तुम्ही मान वर करा," फवारा म्हणाला.

घरी येऊन त्यानं ब्लेड शोधून गुपचूप परत नेलं. लेकीला अवाक्षर विचारलं नाही. तिच्याशी मिशीबद्दल दोन शब्द बोलला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मला दुसऱ्या कुणाच्या भानगडी शोधाव्या लागल्या असत्या. पण दुकानाला आता चटक लागली होती. लोक दाढी वाढायची वाट न बघता येऊ लागले. "काय, हवालदारांची काय खबर?" असं विचारूनच माणूस बाकड्यावर टेकायचा. गणितात कमी गुण पडले म्हणून 'मरून जावंसं वाटतं' असं रागानं लिहिलेलं वाक्य, वर्गातल्या एका मुलानं गुपचूप दिलेल्या पेनचा रंग, सगळं त्या इस्त्रीच्या आवाजात फेसावर येऊन बसायचं. फवाऱ्याला लाज वाटत नव्हती असं नाही. पण लेकीचा शब्द कानावर पडत होता ना! रविवारची ती मुकी खुर्ची आता त्याला तितकी बोचत नव्हती.

फुटलं ते मेडिकलवाल्याच्या तोंडून. लेक कापूस आणायला गेली. तो काउंटरवर रेलून म्हणाला, "कापूस कशाला? मिशी काढताना कापलं की काय, हवालदार? बाबांकडे फुकट होईल की!"

ती कापूस घेऊन घरी आली. आधी तिला मैत्रिणीचाच संशय आला. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. मैत्रिणीनं रडून शपथा घेतल्या, तेव्हा हिनं डोकं चालवलं. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि मैत्रिणीला एकच शब्द पाठवला.

"सावधान. धोक्याचा शब्द, विष. संदेश. विष."

फवारा हातातल्या वस्तऱ्यासकट बाहेर धावला. बघतो तर लेक पायरीवर, दप्तर खांद्यावर, फोन हातात.

"काय गं? इथे कशी?"

"सहज. घरी चाललेय."

"बरी आहेस ना?"

"हो. तू बरा आहेस ना?"

यापुढे विचारावं तर चोरी उघडी पडणार. त्यानं मान हलवली आणि आत गेला. त्या आठवड्यात बाई अधूनमधून एकेकच शब्द बोलत राहिली. पळून. गुपचूप. चाकू. फवाऱ्याला वाटलं, यंत्र बिघडलं. लेक पायरीच्या आडोशाला उभी राहून कुठला शब्द वाजतो आणि कुठला वाजत नाही, ते शिकत होती.

रविवार उजाडला. लेकीच्या केस कापायचा दिवस होता. नऊ वाजून गेले, ती आली नाही. साडेदहाला दुकान तुडुंब. वकिलांच्या डोक्याला कलप लावून झालेला, अर्धा तास हलायची सोय नाही. सर आणि मेडिकलवाला बाकड्यावर. अण्णा खुर्चीत, मान मागे, गळ्यावर फेस आणि फेसावर वस्तरा. फवाऱ्याचा डावा हात कलपानं काळा, उजवा ओला.

"सावधान. धोक्याचा शब्द, ब्लेड. संदेश. ब्लेड. बाबा घरी सांगतो, वकिलांच्या डोक्यावर अकरा केस उरलेत आणि त्यातली एकही ते जिंकणार नाहीत."

दुकान फुटलं हसून. वकील सोडून.

"सावधान. धोक्याचा शब्द, विष. संदेश. विष. सरांच्या टाळूला मागे बशीएवढं टक्कल पडलंय. बाबा मुद्दाम मागे आरसा धरत नाही. म्हणतो, कळलं तर गिऱ्हाईक जाईल."

आता वकीलही हसले. सरांचा हात टाळूवर गेला आणि तिथंच राहिला.

"अरे, बंद करा कुणीतरी!" फवारा ओरडला. "माझे हात बघा!"

कुणीही उठलं नाही. ज्याचं झालं होतं त्याला दुसऱ्याचं ऐकायचं होतं, आणि ज्याचं व्हायचं होतं त्याला वाटत होतं, आपलं काही नसेल. फवाऱ्यानं ओल्या बोटानं काच दाबली, चोळली, बुक्की मारली. काच त्याला ओळखेना, तसा तो वस्तरा घेऊन पुन्हा अण्णांच्या गळ्याकडे वळला.

"सावधान. धोक्याचा शब्द, चाकू. संदेश. चाकू. मेडिकलवाल्याच्या तोंडाला इतका वास येतो, की बाबा त्याची दाढी श्वास रोखून करतो."

"अस्सं?" मेडिकलवाला तोंडावर हात ठेवून म्हणाला.

"सावधान. धोक्याचा शब्द, पळून. संदेश. पळून. अण्णा रोज का येतात माहितेय? बाबा म्हणतो, म्हातारी गेली आणि म्हातारा चकाचक झाला. दुसरी बघतोय."

हसू आलं नाही. खुर्चीतून अण्णा हळूच म्हणाले, "वस्तरा काढ."

"अण्णा, ते आपलं चेष्टेत..."

"काढ म्हटलं ना."

अण्णा उठले. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. स्वतःच टॉवेलनं फेस पुसला, टॉवेलाची नीट घडी घातली. "घरात बोलायला कुणी नाही," ते म्हणाले. "म्हणून येत होतो."

ते पायरी उतरत होते, तेव्हा बाई शेवटचं बोलली. "सावधान. धोक्याचा शब्द, गुपचूप. संदेश. गुपचूप ऐकतोयस ना? बाबा, आता हस."

घरी फवाऱ्यानं आरडाओरडा केला. लेकीनं तो संपू दिला.

"मी खोटं काय लिहिलं?"

"अगं, निदान अण्णांचं तरी! ते एकटेच तुझ्या बाजूनं बोलले होते!"

हे तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उतरला. ओठाच्या वर, बिनब्लेडची ती बारीक लव थरथरली. क्षणभर वाटलं, आता रडेल, आणि रडली की बाप जवळ घेईल. पण ती सावरली.

"ते तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली. "जेवताना. मीही हसले होते."

जन्मापासून 'तू' ऐकलेल्या बापाला लेकीनं 'तुम्ही' म्हटलं. बायकोनं ताटं वाढली. त्या रात्री ताटावर कुणाचीही नक्कल झाली नाही, आणि पुढेही कधी नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर वकील आणि सर समोरच्याकडे जाऊ लागले. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा नवा पोरगेला कारागीर, काचेचं दुकान, थंड हवा. मेडिकलवाला येतो, पण तोंड मिटून बसतो. अण्णांनी दाढी वाढवली. पांढरी, छातीपर्यंत. दुकानावरून जातात तेव्हा मान वळवत नाहीत.

पहारा मात्र फवाऱ्यानं काढला नाही. लेकीनंही काढायला सांगितलं नाही. मैत्रिणीशी ती आता वहीच्या मागच्या पानावर बोलते आणि पान फाडून टाकते. फोनमधली बाई रोज संध्याकाळी रिकाम्या बाकड्याला सांगते, "आज धोक्याचा एकही शब्द आढळला नाही." फवारा ते शेवटपर्यंत ऐकतो. घरी तेवढंही कुणी बोलत नाही.

परवाचा रविवार तिच्या केस कापायचा होता. फवाऱ्यानं नऊच्या आधीच शटर अर्धं वर केलं. खुर्ची पुसली, धुतलेलं कापड झटकून हातावर घेतलं, बाटलीत कोमट पाणी भरलं, कारण गार पाण्यानं ती लहानपणी खांदे उडवायची. नऊ वाजले.

"आपलं मूल आपल्यापासून वीस मीटरवर आहे," बाई म्हणाली. "सुरक्षित आहे."

फवाऱ्याचा चेहरा उजळला. आली! वाकून शटरखालून तो बाहेर बघू लागला. पायरीवर कुणी नव्हतं. मग त्यानं समोर पाहिलं.

काचेपलीकडे ती खुर्चीत बसली होती. गळ्याभोवती काळं कापड, आणि कापडाखाली दोन्ही हात नाचत होते, काहीतरी सांगताना नाचायचे तसेच. वरच्या ओठाला मलम लावलेलं, तिथली कातडी गुळगुळीत. ती बोलत होती. बोलतच होती. समोरच्या पोरानं कात्री थांबवली आणि खदाखदा हसला, तशी तीही हसली, ठसका लागेपर्यंत.

फवारा कोमट बाटली हातात धरून वाकलेलाच राहिला. मागून बाई दर पाच मिनिटांनी त्याला सांगत होती. वीस मीटर. सुरक्षित.